वादळाची सूचना व घर सोडण्याचा निर्णय

शेतकऱ्याच्या धंद्यात निर्णय करण्याचे प्रसंग रोजच येतात. पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे, धान्य खळ्यावरूनच विकावे की घरात भरावे, म्हातारा बैल ठेवावा की काढावा, अशा प्रश्नांची उत्तरे तो आपल्या अनुभवाने देतो, व ती चुकली तर पुढील हंगामात सुधारून घेतो. परंतु एक प्रश्न असा आहे की, त्याचे उत्तर चुकले असता सुधारण्यास पुढचा हंगाम मिळतोच असे नाही. समुद्रात मोठे चक्रीवादळ उठले असून ते आपल्या किनाऱ्याकडे येत आहे, अशी सूचना आल्यावर घर, वाडी व गुरेढोरे टाकून मुलामाणसांसह निघावे की जागीच राहावे, हा तो प्रश्न होय. कोकणपट्टीतील आमच्या वाचकांपुढे तो ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने टाकला व मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने पुन्हा टाकला. अरबी समुद्राचे पाणी पूर्वीपेक्षा अधिक तापू लागले असून त्यामुळे तेथील वादळांचा जोर वाढत आहे, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या आयुष्यात आणखी एकदा तरी पडणार, असे धरूनच चालणे शहाणपणाचे आहे.

ह्या बाबतीत आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हा निर्णय वादळाच्या दिवशी करावयाचाच नव्हे. तो कोरड्या दिवसांत, निवांतपणे, आपल्या घराची जागा व छप्पर नीट पाहून आधी करून ठेवावयाचा, आणि सूचना आली म्हणजे केवळ अमलात आणावयाचा. जो गृहस्थ वारा सुटल्यावर विचार करू लागतो, त्याच्या वतीने निर्णय वारा करतो.

सूचना कशी समजून घ्यावी

भारतीय हवामान खाते वादळाच्या सूचना चार टप्प्यांनी देते. पहिली सुमारे ७२ तास आधी, केवळ सावध राहण्यासाठी. दुसरी, पिवळ्या रंगाची, खराब हवा सुरू होण्याच्या निदान ४८ तास आधी. तिसरी, नारिंगी रंगाची, २४ तास आधी. व चौथी, तांबड्या रंगाची, वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी. ह्या टप्प्यांचा अर्थ पुष्कळ लोक उलटा लावतात. तांबडी सूचना म्हणजे निघण्याचा इशारा, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक तांबडी सूचना येते तेव्हा निघणारा माणूस सुरक्षित जागी पोहोचलेला असला पाहिजे. केंद्र किनाऱ्यास लागण्यापूर्वी कित्येक तास आधीच बाहेरचा वारा सुरू होतो, झाडे रस्त्यावर आडवी पडू लागतात व खाडीवरील पूल आणि होड्या बंद होतात.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या किनाऱ्यावर चारही टप्पे सावकाश मिळतील, अशा भरवशावर राहता येत नाही. बंगालच्या उपसागरातील मोठी वादळे कित्येकदा तीन-चार दिवस समुद्रावर वाढत राहतात. निसर्ग वादळाची गोष्ट निराळी झाली. १ जून २०२० रोजी ते अजून समुद्रावरील कमी दाबाचे क्षेत्र होते. २ जूनच्या दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले व त्यास नाव मिळाले. ३ जूनच्या पहाटे ते तीव्र झाले. आणि त्याच दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने जमिनीवर चढले. नाव मिळाल्यापासून घरावरील कौले उडेपर्यंत जेमतेम एक दिवस गेला. ह्या एका दिवसात सामान, गुरे, म्हातारी माणसे व निर्णय, असे सर्वच एकदम करावयाचे म्हटले तर ते साधत नाही.

तिसरी गोष्ट, वादळ नेमके कोठे येणार ह्याविषयी. चोवीस तास आधीच्या अंदाजातही केंद्राची जागा सरासरीने सत्तर-ऐंशी किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकते. अलिबाग व श्रीवर्धन ह्यांमधील सरळ अंतर जवळजवळ तेवढेच आहे. म्हणून ‘वादळ अलिबागला येणार आहे, आपल्याला नाही,’ असे श्रीवर्धनकराने म्हणणे, किंवा ह्याच्या उलट म्हणणे, सारखेच धोक्याचे आहे. नकाशावरील रेघ ही वादळाची वाट नव्हे. ती अंदाजाची मधली रेघ आहे. आपले गाव त्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात येत असेल, तर वादळ आपल्याच गावी येणार असे समजून वागावे.

वारा आणि पाणी हे दोन निरनिराळे शत्रू

घर सोडावे की न सोडावे, ह्याचे उत्तर सर्वांस एकच नाही. ते कशावर अवलंबून आहे हे समजण्यासाठी वादळाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. एक वारा व दुसरे पाणी. वाऱ्यापासून बचाव आडोशाने होतो; पाण्यापासून बचाव केवळ उंचीने होतो. पक्क्या भिंतींचे व पक्क्या छपराचे घर वाऱ्याला पुरे पडते, परंतु तेच घर सखल खाजणाच्या कडेस असेल तर पाण्यापुढे त्याचा उपयोग नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू. वादळाच्या केंद्राभोवतीचा वारा समुद्राचे पाणी ढकलीत किनाऱ्यावर आणतो व पाण्याची पातळी फुगते. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ ईशान्येकडे सरकत आपल्या किनाऱ्यावर चढू लागले, म्हणजे त्याच्या उजवीकडील, अर्थात केंद्राच्या दक्षिणेकडील गावांवर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो व फुगवटा तेथे अधिक होतो. ही फुगलेली पातळी भरतीच्या पातळीवर चढते, हे विसरू नये. निसर्ग वादळाच्या वेळी मुंबई, ठाणे व रायगड ह्या जिल्ह्यांच्या सखल भागांत भरतीच्या वर एक ते दोन मीटर पाणी चढण्याची सूचना होती. आणि तो दिवस वटपौर्णिमेच्या अगदी दोन दिवस आधीचा, म्हणजे उधाणाच्या जवळचा होता. वादळ ओहोटीस येते की भरतीस येते, ह्यावर तेच वादळ एका गावास सोपे व दुसऱ्यास कठीण जाते. परंतु ते भरतीस येणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून हिशेब नेहमी उधाणाच्या भरतीचाच धरावा.

ह्यासाठी आम्ही वाचकांस एक सोपे काम सुचवितो. आपल्या गावात मोठ्या उधाणाचे पाणी जेथपर्यंत येते ती खूण सर्वांस ठाऊक असते. त्या खुणेपासून आपल्या घराचे जोते किती उंच आहे, हे पाणसळ लावून एकदा मोजावे. दोन मीटर म्हणजे सुमारे साडेसहा फूट; त्यावर लाटांसाठी आणखी तीन-चार फूट धरावेत. जोते उधाणाच्या खुणेपासून दहा फुटांपेक्षा कमी उंच असेल, किंवा घर खाडीच्या बांधाच्या आत खारजमिनीवर असेल, तर त्या कुटुंबाने मोठ्या वादळाच्या सूचनेवर निघावयाचेच. मग घर सिमेंटचे असो की मातीचे. बांध फुटला म्हणजे पाणी चढण्यास जो वेळ लागतो, तो मिनिटांत मोजावा लागतो.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात जे छप्पर नुसते कुरकुरते, त्यावर १२० किलोमीटरचा वारा चौपट जोराने बसतो. पत्र्याचे छप्पर आधी एका कडेने उचलले जाते व मग सबंध जाते. कौले एकेक करून जातात व त्यांखालील वासे उघडे पडतात. कोकणातील घरास आणखी एक भय आहे, ते म्हणजे त्याच्या भोवतालची झाडे. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या भागांतील घरे माड-पोफळीच्या वाड्यांतच वसलेली आहेत. निसर्ग वादळात ह्या भागांत झाडे घरांवर पडून पुष्कळ नुकसान झाले. मनुष्यहानी थोडी झाली. परंतु जी झाली तीत विजेचा खांब अंगावर पडणे, भिंत कोसळणे, अशीच कारणे होती. म्हणून ज्याचे घर उंचावर आहे, परंतु छप्पर पत्र्याचे आहे अथवा घरावर वाकलेली मोठी झाडे आहेत, त्याने गाव सोडण्याची गरज नाही; मात्र त्या रात्रीपुरते ते घर सोडून शाळेत किंवा शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घरात जावे. आणि ज्याचे घर उंचावर, पक्के व झाडांपासून दूर आहे, त्याने घरातच राहावे, दारेखिडक्या बंद कराव्या आणि शेजाऱ्यांस आत घ्यावे. राहणे हेही त्याचे कर्तव्यच होय. कारण विनाकारण निघालेला माणूस ज्याला खरोखर निघावयाचे आहे त्याचा रस्ता अडवितो.

हे आम्ही तर्काने सांगत नाही. अमेरिकेत अशा वादळांस हरिकेन म्हणतात. २००५ साली सप्टेंबरात रिटा नावाचे हरिकेन टेक्सासच्या किनाऱ्याकडे येऊ लागले, तेव्हा ह्यूस्टनच्या आसपासचे पंचवीस लाखांवर लोक एकदम रस्त्यांवर आले. त्यांत पाण्याचा धोका नसलेलेही असंख्य होते. रस्ते तुंबले, उन्हाच्या तापाने व अपघातांनी शंभराच्या आसपास माणसे वाटेतच दगावली, व वादळ तर शेवटी पूर्वेकडे वळून निघून गेले. त्याच्या वाऱ्यापाण्याने जितके मेले त्यापेक्षा निघण्याच्या गर्दीत अधिक मेले. तेव्हा ‘पळा’ हे सर्वांस सारखे सांगणे जितके चूक, तितकेच ‘काही होत नाही’ हे सांगणेही चूक.

माणसे का राहतात

सूचना मिळत नाही म्हणून माणसे राहतात, असे समजणे बरोबर नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला बेटाच्या भागात वादळ आले व त्यात तीन लाखांहून अधिक माणसे बुडाली. नंतर अभ्यासकांनी चौकशी केली, तेव्हा असे आढळले की, त्या भागातील सुमारे दहांपैकी नऊ लोकांस वादळ येत असल्याचे ठाऊक होते. परंतु पक्क्या इमारतीचा आश्रय घेणारे शंभरांत एखाददुसरेच निघाले. माहिती होती; जाण्यासारखी जागा नव्हती, आणि जावयाचे आहे असा निश्चय नव्हता.

राहण्याची जी कारणे लोक देतात, त्यांतील पहिले म्हणजे वाडवडिलांचा अनुभव. ‘आमच्या आज्याच्या वेळेपासून ह्या ओटीवर पाणी चढलेले नाही,’ हे वाक्य प्रत्येक किनाऱ्यावर ऐकू येते. अनुभवाची किंमत शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु ज्या गोष्टी शंभर वर्षांत एकदा घडतात, त्यांविषयी साठ वर्षांचा अनुभव मुका असतो. टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन हे शहर बेटावर वसलेले असून त्या काळी त्याची उंचात उंच जागा समुद्रापासून नऊ फूटही नव्हती. तेथील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन ह्यांनी १८९१ साली वर्तमानपत्रात लिहून, ह्या शहरास वादळापासून मोठा अपाय होईल ही कल्पनाच वेडगळ आहे, अशा अर्थाचे मत दिले होते. ८ सप्टेंबर १९०० रोजी समुद्र पंधरा फुटांहून अधिक चढला व सुमारे ३८,००० वस्तीच्या त्या शहरात व बेटावर निदान ६,००० माणसे मेली. क्लाइन हे हवामानाचे जाणते गृहस्थ होते. जाणत्यांचीही स्मरणशक्ती समुद्राच्या मानाने आखूड असते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण म्हणजे मागील सूचना फुकट गेल्याचे. गेल्या वेळी निघालो, रात्रभर शाळेच्या फरशीवर काढली, आणि वादळ दुसरीकडेच गेले, असे सांगून पुष्कळ लोक पुढच्या वेळी जागचे हलत नाहीत. त्यांस आमचे उत्तर शेतकऱ्याच्याच भाषेत आहे. डुकरांपासून पीक राखण्यासाठी आपण महिनाभर रोज रात्री माळ्यावर बसतो. डुकरे त्यांतील एखाद्याच रात्री येतात. म्हणून बाकीच्या एकोणतीस रात्री वाया गेल्या असे कोणी म्हणत नाही. ती राखणीची मजुरी समजतो. सूचनेवरून घर सोडून काढलेली व निर्विघ्न गेलेली रात्र हीही राखणीचीच रात्र आहे, आणि येथे राखावयाचे पीक म्हणजे पोटची पोरे आहेत.

तिसरे कारण लाजेचे आहे. ‘पाटील पळाला,’ असे कोणी म्हणेल, ह्या भयाने घरचा कर्ता पुरुष बायकामुलांस पाठवून स्वतः मागे राहतो. पुष्कळदा असे होते की, तो राहतो म्हणून त्याची वृद्ध आई निघत नाही, आई निघत नाही म्हणून सून निघत नाही, आणि अखेर सबंध घर राहते. ज्याला घरच्यांनी निघावे असे वाटते त्याने स्वतः प्रथम उठले पाहिजे.

वाडी व गुरे

परंतु सर्वांत मोठे कारण मालमत्तेचे आहे, व त्यास आम्ही हलके लेखीत नाही. पोफळीचे झाड लावल्यापासून उत्पन्नावर येण्यास सहा-आठ वर्षे लागतात; माडाचेही तसेच. निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या प्रसिद्ध रोठा सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. मंडणगड-दापोलीकडे आंबा व काजूच्या बागांची तीच गत झाली. पिढ्यांची मेहनत अशी जाताना पाहणे किती कठीण आहे, हे बागायतदारासच कळते. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मालक वाडीत राहिला म्हणून एकही पोफळ उभी राहिलेली नाही. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यात माणसाच्या हातून झाडासाठी काही होत नाही; जे होण्यासारखे आहे ते आदल्या दिवशी होते. तयार झालेली फळे उतरविणे, घरावर झुकलेल्या फांद्या छाटणे, पत्र्यांवर आडवे बांबू टाकून ते तारेने वाशांस आवळणे, बियाण्याच्या कणग्या व पोती उंचावर ठेवणे, सातबारा व इतर कागद प्लास्टिकात बांधून बरोबर घेणे, ही ती कामे. त्यानंतर वाडीस मालकाची गरज लागते ती वादळ गेल्यावर. पंचनामा करविण्यास, पडलेली झाडे काढण्यास व नवी रोपे लावण्यास. त्या कामास तो जिवंत व धडधाकट असला पाहिजे.

गुरांची गोष्ट ह्याहून अवघड आहे, कारण गुरे जिवंत आहेत व आपल्या भरवशावर आहेत. येथे पहिला नियम असा की, दावणीस बांधलेले जनावर टाकून कधीही जाऊ नये. बांधलेले जनावर गोठ्याच्या छपराखाली किंवा पाण्यात हमखास मरते. मोकळे जनावर पुष्कळदा आपली वाट आपण काढते. दुसरा नियम असा की, गुरे माणसांच्या आधी निघावीत. नारिंगी सूचना येताच, दिवसाउजेडी, त्यांस सखल भागातून उंचावरील एखाद्या पक्क्या गोठ्यात किंवा मोकळ्या जागेत, झाडे व विजेच्या तारा ह्यांपासून दूर, न्यावे. बांगलादेशाच्या सपाट किनाऱ्यावर अशी उंच जागा नाही, म्हणून तेथे मातीचे मोठे उंचवटे मुद्दाम रचून त्यांवर गुरे नेण्याची सोय केलेली आहे, व त्या उंचवट्यांस तेथील लोक ‘किल्ला’ असेच म्हणतात. आपल्याकडे डोंगर किनाऱ्यापर्यंत आलेला आहे. सह्याद्रीने हे किल्ले आपणांस फुकट बांधून दिले आहेत. त्यांचा उपयोग न करणे हा आपलाच दोष होय.

राखणीस ठेवलेला माणूस

येथे आमच्या जमीनदार वाचकांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे, व ती थोडी कडू आहे. पुष्कळ बागायतदार स्वतः शहरात असतात, अथवा सूचना येताच मुलामाणसांसह निघून जातात, व वाडीत गडी किंवा राखणदार ठेवतात. ‘तू जरा लक्ष ठेव,’ एवढे बोलून मालक गाडीत बसतो. त्या माणसाचे खोपट बहुधा वाडीच्या अगदी सखल टोकास, समुद्राच्या बाजूस, पत्र्याच्या किंवा झावळ्यांच्या छपराखाली असते. त्याच्या बरोबर बायको व मुले असतात. मालक रागावेल, मजुरी तुटेल, ह्या भीतीने तो निघत नाही. म्हणजे ज्या घराने सर्वांत आधी निघावयास पाहिजे, तेच आमच्या शब्दामुळे सर्वांत शेवटी राहते.

ह्याविषयी आमचे मत निःसंदिग्ध आहे. ज्या वाडीतून मालक धोक्याच्या भीतीने निघाला, त्या वाडीत त्याने दुसऱ्याचे माणूस राखणीस ठेवू नये. मालकाने पिवळ्या सूचनेसच गड्यास स्पष्ट शब्दांत सांगावे की, उद्या दुपारपर्यंत कुटुंबासह अमुक ठिकाणी जावयाचे. त्या दिवसांची मजुरी कापली जाणार नाही. नारळ-सुपारी चोरीस गेली तरी तुझ्यावर बोल येणार नाही. नुसती परवानगी देऊन भागत नाही. आज्ञाच दिली पाहिजे व वाहनाची सोय केली पाहिजे. मजुरांच्या वस्तीवर ज्याच्या शब्दास मान आहे असा माणूस गावात तोच असतो. सरकारी शिपायाच्या भोंग्यापेक्षा त्याच्या एका वाक्याने अधिक घरे हलतात.

केव्हा व कोठे जावे

निघावयाचे ज्यांचे ठरले आहे, त्यांनी दोन टप्पे करावेत. नारिंगी सूचनेस म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, लहान मुले, आजारी व गुरे निघावीत. उरलेल्यांनी वरील कामे आटोपून त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी निघावे. वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी यावयाचे असले तरी रात्र मध्ये येऊ देऊ नये; अंधारात, पावसात, खाडीच्या अरुंद रस्त्याने निघणे हे घरी राहण्याइतकेच धोक्याचे आहे. निघण्याची वेळ चुकली असेल तर मग रस्त्यावर न येता गावातल्या गावात उंच व पक्क्या इमारतीत जावे.

जागा निवडताना ‘उंच’ ह्या शब्दाचा अर्थ नीट लावावा. उघड्या सड्यावर पाणी येणार नाही, पण तेथे वाऱ्यास आडोसा नाही. आणि डोंगराच्या उताराखाली वारा कमी लागला तरी मुसळधार पावसात दरडीचे भय असते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. ती दरड चक्रीवादळाची नव्हती, परंतु माती पावसाने सुटते. तो पाऊस कोणत्या कारणाने पडला हे ती विचारीत नाही. म्हणून उधाणाच्या वर, उतारापासून दूर व पक्क्या छताची अशी जागा पाहावी. बहुतेक गावांत ती शाळा, ग्रामपंचायतीची इमारत किंवा एखाद्या सधन गृहस्थाचे घर असते. तेथे पाणी, शौचकूप, स्त्रियांसाठी वेगळी खोली व कंदील ह्यांची सोय आहे की नाही, हे गावाने आधी पाहावे. ही सोय नसल्यामुळे न निघणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, व त्यांची तक्रार खोटी नसते.

एक सूचना आणखी. वादळाचे केंद्र डोक्यावरून जाऊ लागले म्हणजे वारा एकाएकी पडतो, कधी कधी ऊनही दिसते. लोक ‘संपले’ म्हणून बाहेर पडतात. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो, व आधीच्या वाऱ्याने सैल केलेले सर्व काही खाली येते. वादळ गेले असे हवामान खात्याने सांगितल्यावाचून घरी परतू नये, व परतताना पडलेल्या तारांस कोणीही हात लावू नये.

ओरिसाने काय केले

हे सर्व कागदावर सोपे, पण प्रत्यक्षात कोण करतो, असे कोणी विचारील. त्यास उत्तर आपल्याच देशात आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या (आजच्या ओडिशाच्या) किनाऱ्यावर पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र कित्येक मैल आत शिरला, व राज्यात सुमारे १०,००० माणसे मेली. गुरांची तर गणतीच लाखांत करावी लागली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर खांबांवर उभी केलेली पक्की आश्रयस्थाने बांधली, गावोगाव तरुणांची पथके तयार केली, कोणत्या घराने कोणत्या आश्रयस्थानात जावयाचे हे ठरविले, व दरवर्षी त्याची तालीम चालविली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ फायलिन वादळ ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने आले. त्यापूर्वीच सुमारे १० लाख माणसे हलविली गेली होती, व मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ फोनी वादळ आले, तेव्हा सुमारे १२ लाख माणसे हलविली गेली. मृत्यू पुन्हा शंभराच्या आतच राहिले. १९९९ चे वादळ ह्या दोहोंपेक्षा प्रबळ होते हे खरे. परंतु दहा हजार व शंभर ह्यांमधील अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने पडत नाही. ते तयारीने पडते. ओडिशाचा शेतकरी आपल्यापेक्षा श्रीमंत नाही, व त्याची जमीन आपल्यापेक्षा उंच नाही. त्याने निर्णय आधी करून ठेवला, एवढाच फरक आहे.

मृगापूर्वी करावयाचे काम

आमच्या शेतकरी बंधूंनी दरवर्षी वैशाखात, राबाची भाजणी व घराची शाकारणी चालू असतानाच, ह्या कामास एक दिवस द्यावा. आपले जोते उधाणाच्या खुणेपासून मोजावे. छप्पर पाहावे व झाडे पाहावी. मग घरातील सर्वांस बसवून तीन गोष्टी ठरवाव्या: आपण निघणाऱ्यांपैकी आहोत की राहणाऱ्यांपैकी, निघावयाचे असल्यास कोणाकडे व कोणत्या वाटेने, आणि गुरे कोण नेणार. जे ठरेल ते ओटीवरील दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवावे, म्हणजे कर्ता पुरुष परगावी असला तरी घरचे अडणार नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हेच पुन्हा एकदा वाचावे. कारण अरबी समुद्राची वादळे पावसाळ्यापूर्वी येतात तशी पावसाळ्यानंतरही येतात, व नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने रत्नागिरीकडील मच्छीमार बंधूंस गाठले ते ह्याच दिवसांत.

गावच्या सोसायटीने व ग्रामपंचायतीने मिळून सखल भागातील घरांची यादी करावी, वाडीवाडीतील गडीमाणसांची घरे तीत प्रथम घालावी, व प्रत्येक घरापुढे आश्रयाच्या जागेचे नाव लिहावे. एका सभेचे हे काम आहे. त्यास सरकारी मंजुरीची किंवा पैशाची वाट पाहावी लागत नाही. पडलेली पोफळ पुन्हा लावता येते. आठ वर्षे वाट पाहिली म्हणजे ती पुन्हा फळते. ती लावणारे हात गावात राहावेत, एवढी तजवीज पुढच्या सूचनेच्या आत आपण करून ठेवावी.